तपासणीखालची बाई

देवखळा, जि. बीड
१९ जानेवारी २०२५

चि. ऋतुजा,

तुला आणि पोटातल्याला आईचा आशीर्वाद. प्रविणरावांना नमस्कार, त्यांच्या आईंना माझा राम राम सांग. आम्ही दोघं बरे आहोत. तुझा भाऊ परमेश्वर नगर परिषदेत पाण्याच्या खात्यात अजून कंत्राटावरच आहे, पण कामावर आहे हेच पुष्कळ. ज्वारी यंदा कमरेच्या वर गेली आहे. हुरड्याला तुझी लई आठवण झाली.

तू फोनवर विचारलंस, "आई, मला न्यायला कधी येतेस?" आणि मी नळाला पाणी आलंय म्हणून फोन ठेवला. पाणी आलं नव्हतं. त्या दिवशी आपल्या गल्लीची पाळीच नव्हती. म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज ऐकला की तुला सगळं कळतं, आणि दोन खोल्यांच्या घरात एक बोललं की दुसऱ्याला ऐकू जातंच.

तर मी काय म्हणते, बाळंतपण तिकडंच करावं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही कळतं. पण एप्रिलातला उन्हाळा, आपला पत्रा, पाणी आठवड्यातून एकदा. इथं काही अडलं तर बीडला पळावं लागतं. संभाजीनगरला मोठे दवाखाने हाताशी आहेत. तुझ्या सासूबाई मायाळू आहेत. मी डिंकाचे लाडू करून एसटीच्या पार्सलनं पाठवीन. माझ्या ओळखीचे कंडक्टर अजून आहेत. रागावू नकोस.

इकडची बातमी म्हणजे ताराबाईच्या घराला कुलूप आहे. तू लहान असताना तुला कडेवर घेऊन शाळेत नेणाऱ्या आपल्या शेजारच्या ताराबाई. दिवाळीनंतर त्यांचा पुतण्या सुग्रीव, तोच, मागच्या वेळी नगरसेवक होता तो, गाडी घेऊन आला आणि त्यांना सिरसाळ्याच्या पुढं एका आश्रमात ठेवून आला. म्हणे चुलतीची बुद्धी चालत नाही, तसा दाखला आहे. आदल्या दिवशी माझ्याशी गवारीच्या भावावरून भांडलेली बाई!

मी विचारलं, तपासलं कुणी? तेव्हा कळलं, नगर परिषदेनं हे काम बाहेरच्या एका संस्थेला दिलंय. म्हातारी माणसं, दिव्यांग माणसं यांच्या घरी जायचं, त्यांना स्वतःचा निर्णय घेता येतो का ते तपासायचं, येत नसेल तर दाखला द्यायचा. मग घरातला कुणीतरी त्यांचा कारभार बघणार. ऐकायला चांगलंच काम आहे. पण आपल्या गल्लीत तपासायला आलेलं मी तरी कुणी पाहिलं नाही. त्या संस्थेचं इथलं काम सुग्रीवच बघतो. नगरसेवक आता कुणीच नाहीत, प्रशासक बसलेला आहे, विचारायचं कुणाला? म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. किती लोक तपासले, कुठं, कुणी, आणि नगर परिषदेनं त्यापायी संस्थेला काय दिलं, एवढंच.

उत्तर आलं की ही खासगी व्यक्तींची माहिती आहे, देता येत नाही. कुणाचा आजार मी विचारलाच नव्हता. मी विचारला होता आपल्या घरपट्टीतून गेलेला पैसा. म्हणून अपील टाकलं आहे. एसटीच्या युनियनमध्ये असताना अर्ज लिहायची सवय लागली ती अशी कामाला येते.

बाकी विशेष काही नाही. मागच्या आठवड्यात तब्येतीच्या सर्वेला दोन माणसं येऊन गेली. चहा ठेवला होता, त्यांनी घेतला नाही.

जड उचलू नकोस.

तुझी
आई

*

देवखळा
९ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुजा,

तुझं पत्र मिळालं. "मी परकी झाले का?" हे वाचून मी बराच वेळ दारात बसून राहिले. परकी असतीस तर मी तुला बिनधास्त बोलावलं असतं, पोरी. माणूस परक्याला संकटात बोलावतो. आपल्या माणसाला नाही बोलावत.

आता थोडं खरं लिहिते. सगळं वाचल्याशिवाय फोन उचलू नकोस.

ती दोन माणसं सर्वेला आली नव्हती. मला तपासायला आली होती.

दुपारची वेळ. परमेश्वर कामावर. मी मेथी निवडत बसले होते. एक दाढीवाला तरुण आणि तुझ्या वयाची एक मुलगी, गळ्यात ओळखपत्रं. "अंजना सलगर तुम्हीच ना काकू?" असं गोड बोलून आत आले. मुलीच्या हातात पाटीएवढा मोबाइल. ती विचारत होती आणि दाढीवाला माझ्या तोंडाकडं बघत होता. आज वार कोणता. महिना कोणता. हे घर कुणाचं. मी पटापट सांगितलं. मग म्हणाली, "शंभरातून सात वजा करत जा, काकू."

ऋतुजा, भरल्या गाडीत उभं राहून मी जन्मभर सुट्टे पैसे मोजले. गाडी वळणावर असताना, कुणी ओकत असताना, कुणी भांडत असताना. एकदा हिशेब चुकला नाही. आणि त्या दिवशी ब्याण्णव की त्र्याण्णव, इथंच अडकले. ती मुलगी बोट उचलून वाट बघत होती. हातातली मेथीची काडी मी खाली ठेवली. मी म्हणलं, "थांब गं, सांगते." ती म्हणाली, "राहू द्या काकू." आणि काहीतरी दाबलं.

शेवटी दाढीवाला बोलला. "तुमच्या मागावर कुणी आहे, तुमच्याविरुद्ध कुणी कट करतंय, असं वाटतं का तुम्हाला?"

मी काय सांगायचं होतं? वाटतं म्हणाले तर वेडी ठरते. नाही म्हणाले तर खोटी. मी गप्प बसले. तो म्हणाला, "उत्तर दिलं नाही असं लिही." मग मी विचारलं, तुम्हाला पाठवलं कुणी? मुलगी म्हणाली, "घरच्यांचा अर्ज आहे काकू, त्याशिवाय आम्ही येत नाही." आणि कागद पुढं केला. माझा चष्मा आत राहिला होता. नाव काही वाचता आलं नाही. भावकीतलं कुणीतरी असेल. तुझ्या बाबांच्या चुलतभावांना आपली जागा पहिल्यापासून खुपते.

नंतर दोन-चार दिवसांनी गिरणीत सुग्रीव भेटला. दळण घ्यायला तो कधी आला होता गिरणीत? पांढरा शर्ट, त्यावर पिठाचा कण नाही. सगळ्या बायांसमोर वाकून माझ्या पाया पडला. "मावशी, तुमचंबी वय झालं आता. कशाला कागदाच्या मागं लागता? लेकीचं बाळंतपण हाय म्हणं. नातवंड खेळवा." तुझं बाळंतपण त्याला कुणी सांगितलं? गल्लीत मी अजून कुणाला पेढासुद्धा दिलेला नाही. त्या दिवशी घरी येऊन मी ठरवलं, तू इथं यायचं नाही.

मग मी ताराबाईला बघायला गेले. आश्रम वाईट नाही, हे आधी लिहिते. झाडलेलं अंगण आहे, दोन वेळचं जेवण आहे. फाटकावरचा माणूस म्हणाला नातेवाइकांनाच सोडतो, म्हणून मी बहीण आहे म्हणाले. ताराबाई ओट्यावर बसल्या होत्या. मला ओळखलं. तुझं नाव घेतलं, कितवा महिना विचारलं. मला वाटलं, बघा, कुठं बुद्धी गेलीय हिची!

मी म्हणलं, "ताराबाई, चला घरी. मी भांडते त्यांच्याशी."

त्यांनी माझा हात सोडला. "न्हाई बाई. मला आता कळत न्हाई काही."

"कोण म्हणतं?"

"तसं लिहून आलंय ना. शिकलेल्या माणसांनी लिहिलंय. मला आधीच कळायला पाहिजे होतं. दोनदा दुधावर ध्यान ऱ्हायलं न्हाई माझं, उतू गेलतं."

मी किती समजावलं. दूध सगळ्यांचंच उतू जातं, म्हणलं. त्या नुसत्या मान हलवत होत्या, पाहुण्याचं बोलणं ऐकून घ्यावं तशा. निघताना मला म्हणाल्या, "अंजना, तूबी जपून ऱ्हा. आपल्याला कळत न्हाई ते आपल्याला कळत न्हाई."

परत येताना गाडी रिकामी होती. मी खिडकीला बसून मनातल्या मनात शंभरातून सात वजा करत आले. घरी पोचेपर्यंत.

तेव्हापासून माझं मलाच काही खरं वाटत नाही. गॅस बंद केला का म्हणून तीन वेळा उठते. परवा चहात मीठ पडलं. आधीही पडलं असेल कधी, पण आधी मी हसले असते. आता मी तो चहा घाईघाईनं मोरीत ओतला आणि कप धुऊन ठेवला, कुणी बघायच्या आत.

परमेश्वर रक्तदाबाच्या गोळ्या आणून देतो. या खेपेला पट्टी वेगळी आहे. आधीची चंदेरी होती, ही निळी आहे. तो म्हणतो तीच आहे गं. मी घेते म्हणून सांगते.

तू काळजी करू नकोस असं लिहिणार होते. पण मग एवढं लिहिलं कशाला?

तुझी
आई

*

२० फेब्रुवारी

ऋतुजा,

तू काल परमेश्वरला फोन केलास. काय विचारलंस त्याला? रात्री तो जेवला नाही. ताट सरकवून भिंतीकडं तोंड करून पडला. पुन्हा असं करू नकोस. त्याला काही विचारू नकोस, तुला माझी शपथ आहे.

निळ्या गोळ्या मी घेत नाही. पदरात घेते आणि मागं कुंडीत पुरते. कुणाला सांगू नकोस. प्रविणरावांनासुद्धा नको.

अपिलाची तारीख आली आहे, मार्चातली. जावं की नाही ते ठरत नाही. दारावर कुणी हाक मारली की आधी पायात चप्पल घालते, मग दार उघडते. कशाला घालते ते मलाही माहीत नाही. कुठं पळणार आहे मी?

मी गेले नाही तर मला नावं ठेवू नकोस. आणि तुला कुणी फोन करून म्हणालं की तुझ्या आईचं डोकं फिरलंय, तर लगेच हो म्हणू नकोस. एवढंच मागणं आहे. लगेच हो म्हणू नकोस.

आई

*

देवखळा
१६ मार्च २०२५

चि. ऋतुजा,

तुला आणि बाळाला खूप आशीर्वाद. सोनोग्राफी चांगली आली हे कळलं, जीव भांड्यात पडला. प्रविणरावांनी गाडी करून मला न्यायला येतो म्हणलं, त्यांचे उपकार आहेत, पण सध्या मी इथून हलणार नाही. का ते या पत्रात लिहिते. मन घट्ट करून वाच.

आधी एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. त्या दिवशी माझा चष्मा आत राहिला नव्हता. डोळ्यावरच होता. त्या मुलीनं कागद पुढं केला तेव्हा मी नाव वाचलं, आणि वाचलं नसतं तरी ती सही मी ओळखली असती. त्यातल्या 'प'चं पोट तो अजून पहिलीतल्यासारखं मोठं काढतो.

अर्ज परमेश्वरचा होता. 'माझ्या आईची मानसिक स्थिती ठीक नसून ती विनाकारण तक्रारी करते, तिची तपासणी व्हावी.'

हे तुला कसं लिहिणार होते मी? तुम्ही दोघंच आहात एकमेकांना. आणि त्यालाही मी काही बोलले नाही. त्या दिवशी संध्याकाळी तो आला, हातपाय धुतले, मी भाकरी वाढली. "आज कुणी आलतं का?" त्यानं विचारलं. मी म्हणलं, कुणी नाही. दोन महिने आम्ही असे एका घरात राहिलो. त्याला वाटत होतं मला माहीत नाही. आणि मी त्याच्या हातचं पाणीसुद्धा आधी वास घेऊन पीत होते. पोटच्या पोराच्या हातचं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मी साडी नेसून बसले होते तरी जायचं ठरलेलं नव्हतं. परमेश्वर डबा घेऊन निघाला. दारात थांबून म्हणाला, "आई, आज ऊन लई हाय. कुठं जाऊ नको." ते ऐकलं आणि मी उठले. तो निघून गेल्यावर कुलूप लावलं आणि चालत गेले.

मुख्याधिकारी नवीन आहेत, वयानं लहान. माहिती देणारे बाबू एका बाजूला. आणि खुर्चीवर सुग्रीव, संस्थेच्या वतीनं. मला कुणी बस म्हणालं नाही. साहेबांनी माझा अर्ज वाचायला सुरुवात केली तेवढ्यात सुग्रीव उठला.

"साहेब, एक सांगू का? या मावशींचीच तपासणी चालू हाय. पहिल्या अहवालात निर्णयक्षमता अपुरी म्हणून आलंय. अशा माणसाचा अर्ज चालवायचा का, तेवढं बघा. आम्हाला मावशींबद्दल आदरच हाय."

अहवाल आला आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्याबद्दल माझ्याआधी त्याला ठाऊक होतं.

साहेब म्हणाले, "तपासणीचा अर्ज कुणी केला?"

"सख्ख्या मुलानं. हितंच पाण्याच्या खात्यात हाय. बोलवा की."

शिपाई गेला. मी भिंतीला धरून उभी. मनात एकच, की तो आत येईल आणि हो म्हणेल, आणि मग मी ताराबाईच्या शेजारी ओट्यावर बसेन आणि काही दिवसांनी मलाही ते खरं वाटायला लागेल.

परमेश्वर आला. व्हॉल्व्हवरून तसाच आला होता, पँट गुडघ्यापर्यंत ओली. मला बघितलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"या तुमच्या आई?" साहेबांनी विचारलं. "हा अर्ज तुमचा?"

तो कागदाकडं बघत राहिला. सुग्रीव हळूच म्हणाला, "बोल की बे. घाबरतो कशाला?"

"सही माझी हाय, साहेब," परमेश्वर म्हणाला. मग थांबला. मला वाटलं संपलं. "लिहिलेलं माझं न्हाई. कागद कोरा होता. म्हणले, नुसता सर्वे हाय, आईचा अर्ज आपोआप मागं पडंल, कुणाला काही व्हणार न्हाई."

"कोऱ्या कागदावर सही केलीच कशाला?"

"कंत्राट संपत होतं, साहेब."

"आणि आईचं डोकं कसं आहे?"

"बरं हाय." त्याचा आवाज फुटला. "माझ्यापेक्षा बरं हाय."

सुग्रीव हसला. पण साहेब हसले नाहीत. मला म्हणाले, "तुम्हाला काय सांगायचंय?"

ऋतुजा, मी काहीतरी मोठं बोलले असं तुला वाटेल. नाही गं. मी एवढंच म्हणलं, "साहेब, कुणाला काय आजार हाय ते मला नको. नावं झाकून टाका. आमच्या पैशानं माणसं तपासली का न तपासताच लिहिलं, तेवढं दाखवा. आज ताराबाई गेली. मी इथून भायेर पडल्यावर माझं काय व्हईल मला माहीत न्हाई. म्हणून भ्यायलेली असतानाच विचारते."

साहेबांनी पाणी मागवलं. मला बसायला सांगितलं. मग म्हणाले, माहिती मागणाऱ्याला कारणही द्यावं लागत नाही, त्याची बुद्धी तपासायचा तर प्रश्नच येत नाही. नावं झाकून सगळा खर्च आणि भेटींच्या तारखा आठ दिवसांत द्या. बाबू खाली बघून लिहून घेत होता. त्याच्याही कपाळावर घाम होता. त्या खोलीत न भ्यालेला माणूस बहुतेक एकच होता, तो सुग्रीव.

बाहेर आल्यावर परमेश्वर मागून आला. बसस्थानकापर्यंत आम्ही चालत गेलो. तिथं रसवंतीच्या सावलीत तो उभा राहिला.

"आई, तुला ठाऊक होतं?"

"ते आले त्याच दिवशी."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"भ्याले."

"सुग्रीवला?"

मी म्हणलं, "तुला."

तो खालीच बसला बघ, रस्त्यावर, लोक बघत असताना. त्याचं डोकं मी माझ्या पोटाशी धरलं. माफ केलं का म्हणून विचारशील. माहीत नाही. अजून नाही बहुतेक. पण त्याचं डोकं मी धरलं.

त्याच दिवशी मेडिकलमध्ये जाऊन निळी पट्टी दाखवली, घेत नाही म्हणून सांगितलं, रक्तदाब मोजून घेतला. दुकानदार म्हणाला, "तीच गोळी हाय काकू, कंपनी बदललीय. बंद का केली? केवढा वाढलाय बघा रक्तदाब." मी तिथंच रडले. पोरगा मला मारत नव्हता. तो नुसता भित्रा होता. आणि मीही भित्री, म्हणून त्याच्यात खुनी बघत होते. बघ, भीतीनं माझं डोकं खरंच थोडं फिरलं होतं. त्यांनी न तपासता लिहिलं ते अर्धं खरं व्हायला लागलं होतं. याचं मला अजून भ्या वाटतं, सुग्रीवपेक्षा जास्त.

माहिती मिळाली. आमच्या सगळ्या वॉर्डात 'प्रत्यक्ष घरी भेट' दाखवली आहे, सगळ्या भेटी एकाच दुपारच्या, आणि त्या दुपारच्या प्रत्येक भेटीचे पैसे नगर परिषदेनं दिले आहेत. महिना डिसेंबर. ताराबाई तेव्हा आश्रमात होत्या, घराला कुलूप होतं. कुलपाला प्रश्न विचारले आणि कुलपाला उत्तरं आली नाहीत, म्हणून बाईची बुद्धी गेली. आणि घेऊन गेले तेव्हा तर दाखला झालेलाच नव्हता. तो मागनं केला. मी ते कागद अर्जाला जोडून कलेक्टर ऑफिसला दिले. परवा आश्रमात फोन लावला. ताराबाईची सरकारी दवाखान्यात नव्यानं तपासणी होणार आहे. मी त्यांना तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "अंजना, माझ्या अंगणातल्या तुळशीला पाणी कोण घालतं?" चार महिन्यांत पहिल्यांदा त्या काहीतरी स्वतःचं विचारत होत्या.

पण सगळं बरं झालं असं समजू नकोस. परमेश्वरला दुसऱ्याच दिवसापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. तो आता वडवणीला एकाकडं जळालेल्या पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग भरायला जातो. सुग्रीव मोकळाच आहे. त्याची गाडी दिवसातून एकदा आपल्या गल्लीतून जाते, सावकाश, काच खाली करून. बाया नळावर माझ्याशी बोलायचं टाळतात. दोघी-तिघी मागच्या दारानं आल्या आणि म्हणाल्या, आमच्या सासऱ्याचापण असाच दाखला निघालाय, अर्ज कसा लिहायचा? मी लिहून दिला.

आणि माझ्यावरचा अहवाल अजून तसाच आहे. परमेश्वरनं अर्ज मागं घेतला तरी अहवाल मागं जात नाही म्हणे. 'पुढील तपासणी आवश्यक.' सोमवारी मी आणि परमेश्वर सरकारी डॉक्टरांकडं जाणार आहोत. मी स्वतःहून. ते पुन्हा शंभरातून सात वजा करायला सांगतील. मी पुन्हा अडकले तर? अडकणाऱ्या माणसालाही विचारायचा हक्क आहे असं मी लोकांना सांगते, पण आतून भ्या वाटतंच.

म्हणून मला सध्या इथून हलायचं नाही. मी गेले तर म्हणतील, बघा, पळाली. आणि तूही इथं यायचं नाहीस. दाराशी ती गाडी जात असताना तुला आणि बाळाला मी या घरात झोपवणार नाही. बारशाला मी तिकडं येईन. आलेच नाही, तर समज की मला येऊ दिलं नाही. मी विसरले असं कुणी सांगितलं तर खोटं आहे.

परमेश्वर तुला फोन करेल. त्याला ओरड, हवं तेवढं. पण फोन उचल.

आणि हे पत्र नीट ठेव. उद्या कुणी कागद घेऊन तुझ्या दारात आलं आणि म्हणालं, तुमच्या आईला आता कळत नाही, तर त्याच्या कागदाशेजारी हा कागद ठेव. मी, अंजना तात्याबा सलगर, राहणार देवखळा, यातला शब्द न् शब्द राजीखुशीनं आणि अक्कलहुशारीनं लिहिला आहे. दबाव कुणाचा नाही.

भीती आहे. ती माझी स्वतःची आहे.

तुझी
आई